खोक्यावरचे वॅट आणि तारेतले व्होल्ट

भाऊबीज झाली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती येतात, पटाच्या रात्री झाडीपट्टीचं नाटक उभं राहतं आणि ते उजाडेपर्यंत चालतं. या हंगामाच्या आधी बिछायत केंद्रवाले, साउंड सर्व्हिसवाले, गावची मंडळं, देवस्थान आणि विहार समित्या नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला निघतात, आणि दरवर्षी एकाच ठिकाणी अडतात. एका खोक्यावर १००० वॅट लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १५००. किमतीत फरक थोडाच. मग १५०० वाला स्वस्त पडला म्हणायचा का? आणि घरी आणल्यावर जुन्या ५०० वॅटच्या मशीनपुढे तो फिका वाटला, तर दोष कुणाचा?

उत्तर थोडक्यात असं, की खोक्यावरचा वॅटचा आकडा तुलनेच्या कामाचा नाही. त्याला चार अटी जोडलेल्या असतात आणि त्या खोक्यावर छापलेल्या नसतात: किती ओहमचा भार, आवाज किती फाटेपर्यंत, वीज किती व्होल्ट असताना, आणि किती वेळ. या चारही गोष्टी दोन्ही मशीनना सारख्या ठेवल्या तरच तुलना होते. त्यातली एक जरी बदलली तरी तोच अ‍ॅम्प दुप्पट किंवा निम्मा दिसू शकतो. अटी सारख्या ठेवणं अवघड नाही. त्याला मल्टिमीटर, मोबाईल आणि थंडीत पाणी तापवायचे रॉड एवढंच लागतं.

आकडा वाचताना

पीएमपीओ हे चार अक्षरांचं प्रकरण सर्वांत आधी बाजूला काढा. तो क्षणभराचा, बहुतेकदा कागदावरच काढलेला आकडा असतो, आणि त्याची कुठलीही सर्वमान्य व्याख्या नाही. ‘पीक’ वॅटला निदान अर्थ आहे: शुद्ध साइन लहरीवर पीक वॅट हे सरासरी वॅटच्या दुप्पट असतात. म्हणजे १००० वॅट पीक म्हणजे ५०० वॅट. ज्याला बाजारात आरएमएस वॅट म्हणतात तो सरासरीचा, टिकाऊ आकडा हाच काय तो उपयोगाचा, आणि तोही भार व विकृतीची (डिस्टॉर्शनची) टक्केवारी सोबत असेल तरच. ‘५०० वॅट, ४ ओहम, ०.१ टक्का विकृती, दोन्ही चॅनल चालू’ असं लिहिलं असेल तर कंपनीने स्वतःला बांधून घेतलं आहे. ‘५०० वॅट, १० टक्के विकृती’ लिहिलं असेल तर आवाज चांगलाच फाटल्यावर मोजलेला आकडा आहे असं समजा.

हा घोळ केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाला यासाठी १९७४ मध्ये नियम करावा लागला, आणि २०२४ मध्ये तो पुन्हा घट्ट करावा लागला: ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्झचा पूर्ण पट्टा, विकृती एक टक्क्याच्या आत, आणि ती शक्ती पाच मिनिटं टिकली पाहिजे. तो नियम घरगुती वापराच्या अ‍ॅम्पसाठी आहे, पण त्यातली पाच मिनिटांची अट आपल्या कामाची आहे. आपल्याकडे २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात २००० वॅट आणि त्याहून जास्त वीज घेणारे अ‍ॅम्प्लिफायर आले. त्यांच्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. पण ती नोंदणी सुरक्षिततेची आहे, म्हणजे शॉक आणि आगीपासूनच्या बचावाची. ती वॅट खरे असल्याची हमी नव्हे. दुकानदार ते चिन्ह दाखवून वॅटचं समर्थन करू लागला तर विषय बदलतोय हे ओळखा.

दुकानात उभ्या उभ्या करण्याजोगी एक तपासणी आहे. अ‍ॅम्प पालथा करा आणि मागच्या फ्यूजवरचा आकडा वाचा. समजा ५ अँपिअरचा फ्यूज आहे. २३० गुणिले ५ म्हणजे भिंतीतून येणारी वीजच ११५० वॅटच्या आसपास. ट्रान्सफॉर्मरवाला, क्लास-एबी जातीचा अ‍ॅम्प पूर्ण ताकदीवर त्यातली साधारण ६० ते ६५ टक्के स्पीकरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे सलग ७०० वॅटच्या वर तो जाणार नाही. क्लास-डी असेल तर ८५ ते ९० टक्के धरा, म्हणजे हजारच्या आसपास. फ्यूज क्षणभर जास्त प्रवाह सोसतो, म्हणून हा हिशेब काटेकोर नाही; पण ५ अँपिअरच्या फ्यूजवर ‘३००० वॅट’ लिहिलं असेल तर पुढचं बोलणं तिथेच थांबवायला तो पुरेसा आहे.

दुकानातली तुलना कुठे फसते

सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय इथे होतात, म्हणून थोडं थांबून पाहू. दुकानदार दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवतो, एकच गाणं लावतो, दोन्हींच्या घुंड्या निम्म्यावर आणतो आणि म्हणतो, ऐका. एक जोरात वाजतो, बेसही भरलेला वाटतो. गिऱ्हाईक तो उचलतो. त्याने प्रत्यक्षात तुलना कशाची केली? वॅटची नाही. घुंडी निम्म्यावर असताना किती आवाज येतो हे अ‍ॅम्पच्या संवेदनशीलतेवर ठरतं, म्हणजे मिक्सरकडून किती व्होल्ट आल्यावर तो पूर्ण ताकदीला पोचतो त्यावर. पाऊण व्होल्टला पूर्ण उघडणारा ३०० वॅटचा अ‍ॅम्प निम्म्या घुंडीवर, दीड व्होल्ट मागणाऱ्या ६०० वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा मोठा वाजतो. नळ पाव फिरवल्यावर किती पाणी येतं यावरून टाकीचा आकार ठरवण्यासारखंच हे.

दुसरी फसवणूक कानाची. दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तर तो ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. खालचे सूर कमी आवाजात कानाला दबलेले ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून जो किंचित मोठा वाजतो त्याचा बेस जास्त, आवाज मोकळा, असं ऐकणारा प्रामाणिकपणे सांगतो. त्याचं ऐकण्यात काही चुकलेलं नसतं, तुलनेची मांडणी चुकलेली असते.

उपाय सोपा आहे. एकच स्पीकर घ्या. मोबाईलवर सिग्नल जनरेटरचं एखादं मोफत अ‍ॅप घेऊन २०० हर्ट्झचा सूर लावा. स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून पहिला अ‍ॅम्प बरोबर ४ व्होल्टवर आणा आणि घुंडीपाशी चिकटपट्टीने खूण करा. दुसरा अ‍ॅम्पही ४ व्होल्टवर आणा. पाच शतांश व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. आता गाणं लावा. तारा तिसऱ्या माणसाला बदलू द्या आणि तुम्ही पाठ करून बसा. सोळा वेळा ऐका. बारा किंवा त्याहून जास्त वेळा बरोबर ओळखलं तर फरक आहे असं माना. निव्वळ अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते. एक पथ्य मात्र पाळा: तारा बदलताना एका अ‍ॅम्पचं आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटला क्षणभरही चिकटता कामा नये, नाहीतर दोन्ही जातील.

अमेरिकेत रिचर्ड क्लार्क या ध्वनितज्ज्ञाने अशा जुळवलेल्या तुलनेत दोन अ‍ॅम्प अचूक ओळखणाऱ्याला १०,००० डॉलर देऊ केले होते. मुख्य अट अशी की आवाज जुळलेला हवा आणि कुणीही फाटेपर्यंत चालवायचं नाही. ते बक्षीस कुणी नेल्याची नोंद नाही. यावरून सगळे अ‍ॅम्प सारखेच असा अर्थ काढू नका. फाटण्याच्या आत असताना धडधाकट अ‍ॅम्पमधला फरक कानाला सापडणं फार अवघड आहे, एवढंच यातून दिसतं. तेव्हा खरी तुलना फाटण्याच्या जागी, कमी व्होल्टेजवर आणि चौथ्या तासाला करायची असते.

रॉडच्या बादलीवर मोजणी

पूर्ण ताकद स्पीकरवर मोजू नका. स्पीकर जळेल, शेजारी येतील, आणि आकडाही चुकेल, कारण ८ ओहमचा स्पीकर हा काही सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. त्याऐवजी खोटा भार वापरतात. त्यासाठी महागडे रेझिस्टर मागवायची गरज नाही. २३० व्होल्टच्या १५०० वॅट रॉडचा रोध साधारण ३५ ओहम असतो. असे चार रॉड समांतर जोडले की ८.८ ओहम, आठ जोडले की ४.४. रॉड २००० वॅटचे असतील तर तीन आणि सहा पुरतात. रॉडमधली निक्रोमची तार तापल्यावरही फारशी बदलत नाही, आणि पाण्यात बुडालेली असताना तर जवळजवळ नाहीच. गावात एवढे रॉड एका दुपारी गोळा होतात.

जोडणीसाठी एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि त्याचा भिंतीत जाणारा प्लग कापून टाका. नुसता काढून ठेवू नका. कुणीतरी सवयीने तो भिंतीत खोचेल आणि २३० व्होल्ट थेट अ‍ॅम्पच्या आउटपुटमध्ये जातील. बोर्डाच्या फेज आणि न्यूट्रलच्या तारा अ‍ॅम्पच्या आउटपुटला जोडा, हिरवी तार मोकळी ठेवून टेप लावा. रॉड प्लास्टिकच्या बादल्यांत, पाण्यात खुणेपर्यंत बुडवा. मोठ्या अ‍ॅम्पच्या आउटपुटला ६० ते ९० व्होल्ट असतात, झटका बसतो. सूर चालू असताना पाण्यात हात नको.

मग क्रमाने असं करा:

१. अ‍ॅम्प बंद असताना मल्टिमीटरने भाराचे ओहम मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावल्यावर जो आकडा येतो तो त्यातून वजा करा.

२. अ‍ॅम्प सुरू करा, इनपुट काहीही नको. आउटपुटवर डीसी व्होल्ट पाहा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. १०० च्या वर असेल तर तो अ‍ॅम्प स्पीकरला लावण्याआधी मेकॅनिकला दाखवा. स्पीकरची कॉइल जाळणारा हाच डीसी.

३. २०० हर्ट्झचा सूर लावा. पुस्तकात १००० हर्ट्झ लिहिलेलं असतं, पण स्वस्तातले मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलतात.

४. आवाज हळूहळू वाढवा. ऑसिलोस्कोप असेल तर लहरीचा माथा चपटा व्हायला लागतो ती जागा पकडा. नसेल तर १००० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर मध्ये घालून एक छोटा स्पीकर भाराला समांतर लावा. गोल, गुळगुळीत सुरात करकर मिसळली की फाटणं सुरू झालं. किंचित मागे या.

५. आउटपुटचे व्होल्ट आणि त्याच क्षणी भिंतीतले व्होल्ट, दोन्ही लिहून घ्या. दोन चॅनल असतील तर दोन्हींना भार लावून, दोन्ही चालू ठेवून मोजा. एकच चॅनल चालवून मोजलेला आकडा बहुतेकदा फुगलेला येतो.

६. पाच मिनिटं तसंच ठेवा. पुन्हा वाचा.

हिशेब एका ओळीचा: व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ४.४ ओहमवर ४२ व्होल्ट मिळाले तर १७६४ भागिले ४.४, म्हणजे ४०० वॅट. पाच मिनिटं एवढी ताकद गेली तरी दहा लिटर पाणी जेमतेम तीन अंशांनी तापतं. ४०० वॅट ही किती ‘मोठी’ गोष्ट आहे याची कल्पना त्यातून यावी.

दोन सावधगिऱ्या. ब्रिजमध्ये जोडलेल्या आणि बऱ्याच क्लास-डी अ‍ॅम्पमध्ये आउटपुटची काळी तार अर्थिंगची नसते, दोन्ही तारा जिवंत असतात. तिथे ऑसिलोस्कोपची काळी क्लिप लावली की शॉर्ट होतं. मल्टिमीटरला ही अडचण नाही. आणि भोंग्यांसाठीचा १०० व्होल्ट लाइनचा मिक्सर-अ‍ॅम्प असेल तर भार वेगळा लागतो: २५० वॅटच्या अ‍ॅम्पला १०० व्होल्टच्या टोकावर ४० ओहम, म्हणजे १५०० वॅटचा एक रॉड जवळपास पुरतो.

भिंतीतल्या व्होल्टचं काय

वर भिंतीतले व्होल्ट लिहायला सांगितले ते हौस म्हणून नव्हे. साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पची ताकद भिंतीतल्या व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घसरते. २३० चे १९० झाले तर व्होल्ट सतरा टक्क्यांनी कमी होतात, वॅट मात्र शंभराचे अडुसष्ट राहतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या एखाद्या लांबलेल्या लाइनच्या शेवटच्या टोकाला, उन्हाळी धानाचे पंप चालू असताना, त्यावर मंडपाचे दिवे, आणि सगळा मंच एका बारीक सर्व्हिस वायरवर, अशा ठिकाणी १९० ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे गोंदिया शहरातल्या दुकानात २३५ व्होल्टवर ऐकलेला अ‍ॅम्प आणि गावच्या पटावर वाजणारा अ‍ॅम्प ही दोन वेगळी यंत्रं आहेत. दोन अ‍ॅम्प वेगवेगळ्या दिवशी मोजले असतील तर आकडे एका पातळीवर आणा: २०५ व्होल्टवर ४०० वॅट मिळाले असतील तर २३० वर ते ५०० च्या आसपास होतात.

ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस, म्हणजे स्विचिंगचा वीजपुरवठा असला की व्होल्टेजचं भय नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. काही एसएमपीएस आतलं व्होल्टेज धरून ठेवतात. काहींत ते बाहेरच्याबरोबरच खाली येतं, आणि काही जण एका मर्यादेखाली गेले की सरळ बंदच पडतात. नाटकाच्या तिसऱ्या अंकात बंद पडणारा अ‍ॅम्प हा थोडा कमी वाजणाऱ्या अ‍ॅम्पपेक्षा वाईट. दुरुस्तीवाल्याकडे डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र असतं. त्यावर अ‍ॅम्प लावून व्होल्टेज २३० वरून हळूहळू १८० पर्यंत उतरवा आणि काय होतं ते पाहा. विकत घेण्याआधी करायची एकच चाचणी निवडायची झाली, तर या जिल्ह्यात ही निवडावी.

रात्र काढेल का

इथे एक रास्त आक्षेप येतो: साइन सुरावर पाच मिनिटं कोण नाटक करतं? बोलणं, ऑर्गन, तबला यांत शिखरं उंच आणि मधल्या दऱ्या खोल असतात. क्लिपचा, म्हणजे फाटण्याची सूचना देणारा लाल दिवा अधूनमधून लुकलुकत असला तरी सरासरी ताकद पूर्ण ताकदीच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास असते. म्हणून अमेरिकी नियमातही मोजण्याआधी अ‍ॅम्प तापवायची पातळी आधी एक तृतीयांश होती, ती पुढे एक अष्टमांश केली गेली. आक्षेप बरोबर आहे, पण त्यातून चाचणी रद्द होत नाही, आणखी एक वाढते. पाच मिनिटांच्या चाचणीने छत कळतं. रात्र निभेल का हे कळायला अ‍ॅम्प रॉडच्या भारावर, गाणं लावून, लाल दिवा जेमतेम लुकलुकेल अशा पातळीवर दोन तास चालू ठेवा. दर अर्ध्या तासाने हीटसिंकला हात लावून पाहा, पंख्याचा सूर ऐका. हात तीन-चार सेकंदही ठेववत नसेल तर त्या अ‍ॅम्पला मे महिन्यातल्या वरातीला पाठवू नका. तेव्हा आपल्याकडची हवाच ४५ अंशांवर असते.

डीजेचं रेकॉर्ड केलेलं, दाबून सपाट केलेलं संगीत हे मात्र वेगळं प्रकरण. त्यात दऱ्या नसतातच. त्या कामासाठी मोजलेल्या वॅटच्या निम्म्यावर भरवसा ठेवा.

‘जास्त वॅट घेतला की झालं’

झालं नाही. ५०० च्या जागी ६०० वॅट घेतले तर वाढ ०.८ डेसिबलची, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती कळणारही नाही. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात. तेच ३ डेसिबल, ९५ ऐवजी ९८ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त वाजणारा स्पीकर घेतला तर त्याच अ‍ॅम्पवर फुकट मिळतात. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणून कनातीच्या मध्यावर आणखी दोन स्पीकर उभे करणं हे मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा जास्त कामाचं.

तारेकडे तर कुणी पाहतच नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ३० मीटर नेली तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे पाऊण ओहमच्या जवळपास. ४ ओहमच्या स्पीकरला पोचणारी ताकद तिने सव्वीस-अठ्ठावीस टक्क्यांनी घटते. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर घट एकोणीस टक्क्यांवर येते. अ‍ॅम्प स्पीकरजवळ ठेवला तर उरतच नाही. माहितीपत्रकात ‘डॅम्पिंग फॅक्टर ५००’ लिहिलेलं असतं त्याची किंमतही इथेच कळते: पाऊण ओहमची तार जोडली की तो पाच-साडेपाचवर येतो. ते कलम वाचूच नका.

उलट बाजूचाही एक समज आहे की छोटा अ‍ॅम्प घेतला की स्पीकर सुरक्षित राहतो. छोटा अ‍ॅम्प फाटेपर्यंत ताणला की लहर चौकोनी होत जाते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लहरीत साइन लहरीच्या दुप्पट ताकद असते. ती वाढीव ताकद बरीचशी वरच्या सुरांत जाते आणि टॉपचा ड्रायव्हर आधी उडतो. स्पीकरच्या सलग वॅटपेक्षा अ‍ॅम्प थोडा मोठा घ्या आणि लाल दिव्याच्या आत राहा.

आवाजाला कायद्याचंही छत आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो वाजवता येत नाही, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ठरवून मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तेव्हा संवाद स्वच्छ पोचवणारी मांडणी आणि नुसती ताकद यांत पैसे कुठे घालायचे, हे ठरवायला वेगळा युक्तिवाद नको.

वजन, दुरुस्ती आणि असेंबल माल

हलक्या मशीनमध्ये दम नसतो हे मत ट्रान्सफॉर्मरच्या काळातलं. आज सहा-सात किलोचा क्लास-डी अ‍ॅम्प पंचवीस किलोच्या जुन्या मशीनएवढी ताकद देऊ शकतो, आणि देतो की नाही ते बादली सांगते. मात्र जडपणाच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो दुरुस्तीचा. ट्रान्सफॉर्मरवाल्या अ‍ॅम्पचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले तर गोंदिया-तिरोड्यातला मेकॅनिक ते बदलून देतो. एसएमपीएसचं बोर्ड गेलं तर बहुधा नागपूर गाठावं लागतं, आणि हंगामात तेवढे दिवस नसतात. दुसऱ्या बाजूने, ५२००-१९४३ ही ट्रान्झिस्टरची जोडी इतकी चालते की तिची नक्कलही तितकीच बाजारात आहे. दुरुस्तीनंतर पूर्ण भाराची पाच मिनिटांची चाचणी पुन्हा करा. नकली जोडी बहुतेकदा तिथेच उघडी पडते. बिल नाही, कंपनी नाही, नोंदणी नाही असा असेंबल अ‍ॅम्प मोजणीत उत्तम निघाला तरी तक्रारीला दार नसतं, हे गृहीत धरून त्याची किंमत ठरवा.

बिल आणि हक्क

- जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि सिरीयल नंबर हवा. दुकानदार तोंडी सांगतो ते ‘इतके वॅट, इतक्या ओहमवर’ बिलावर लिहून मागा. लिहायला नकार मिळाला तर तेही एक उत्तर आहे.
- वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवी. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि पंखा वॉरंटीत आहेत का ते वाचा, बऱ्याचदा नसतात.
- चाचणीचा व्हिडिओ काढा: भाराचे ओहम, भिंतीतले व्होल्ट, आउटपुटचे व्होल्ट, सिरीयल नंबर, सगळं एका सलग चित्रणात. यंत्र उघडू नका, सील तुटलं की वाद तिथेच सुटतो, आणि तुमच्या विरुद्ध.
- आधी दुकान आणि कंपनीला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मिटलं नाही तर गोंदियाचा जिल्हा ग्राहक आयोग. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

इथे साउंड सर्व्हिसवाल्यांना नेहमी एक भीती घातली जाते: तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे हे खरं, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीतून बाहेर काढली आहे. स्वतः मशीनवर बसणारा माणूस त्यात बसतो. तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहा. गावचं मंडळ नफ्यासाठी घेत नाही, त्यामुळे त्याला ही अडचणच नाही, आणि मंडळ नोंदणीकृत नसलं तरी चालतं. अ‍ॅम्प नागपूरहून घेतला असो की दिल्लीहून ऑनलाइन मागवला असो, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. तुमची बादलीची मोजणी आयोग अंतिम मानेलच असं नाही; तो यंत्र प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि त्याचा खर्च आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो. म्हणून आकड्यांत थोडीफार तूट असेल तर भांडू नका. निम्म्याहून कमी निघाले तरच पुढे जा.

हे सगळं करायला दोन दुपारी लागतात. खरेदी नवरात्राच्या आसपास उरका, म्हणजे चाचणी, तक्रार आणि बदली या तिन्हींना भाऊबिजेपर्यंत वेळ मिळेल.